गंगी, भुरी अन् दुपटं

आंजी (मोठी)
ता. १७ जानेवारी १९५४

वच्छला,

वर आशीर्वाद लिहाव की नाई, यात अर्धी शाई सुकली. म्हून नुसतं नाव लिहिलं. संक्रांत होऊन तीन दिवस झाले, तवा हा तिळगुळाचा कागद हाय असं समजू नको. हे पत्र तुले नाईच. हे तुह्या नवऱ्यासाठी, भाऊजीसाठी हाय. पन लहान दिराले भावजयीनं असल्या गोष्टी कशा लिहाव्या वं? म्हून तुह्या नावानं लिहून राह्यली. तू वाच अन् त्याइले सांग. ते गुराच्या दवाखान्यात कंपाउंडर हायेत, त्याइले ठाऊक असन.

गोष्ट अशी हाय. दिवाळीच्या अगुदर इथं टोचणीले येणाऱ्या नर्सबाईची बदली झाली. जाताना तिनं माह्या कांताच्या पदरात सशाची दोन पिल्लं टाकली. दोघी बहिनी हायेत म्हणे. एक पांढरीफट, तिचं नाव गंगी. दुसरी राखेच्या रंगाची, ती भुरी. मी म्हटलं, घरात दोन बैल, एक गाय, तीन शेळ्या, त्यात हे कायले? पन आली ती आली. दोन महिने असं गुण्यागोविंदानं राह्यल्या का विचारू नको. एकाच डाल्याखाली झोपत, एकीचे कान दुसरी चाटे. मीच सैपाक सोडून पाह्यत बसू.

अन् आता दहा-बारा दिवसांपासून काय झालं कोन जाने. गंगी भुरीच्या मांगं लागते, चुलीभोवती गरगर गरगर. मंग तिच्यावर चढते. हो, चढते! गाई-म्हशीचं पाह्यलं हाय आपुन, पन बहीन बहिनीवर? तेही एक डाव नाई, दिवसातून दहा डाव. भुरी बी गरीब नाई राह्यली. तिनं काल गंगीच्या पाठीचा केसाचा पुंजका उपटला. परवा गंगीनं उडी मारून कांताच्या बापाच्या धोतरावर मुताची चिरकांडी सोडली. ते पंचायतीत जायले निघालते. मले हसू आवरेना, त्याइले राग आवरेना.

आनखी एक. दोघी हनुवटी घासत फिरतात. पाट्याले, उखळाले, दाराच्या चौकटीले. काल माह्या पायाच्या आंगठ्याले घासली. हे काय असते? खाज असते का रोग असते? का गंगी नर हाय अन् नर्सबाई चुकली? भाऊजीले विचारजो अन् एक कार्ड टाकाले सांगजो.

कांताची सोयरीक झाली. लगन वैशाखात हाय. हे सांगायसाठी पत्र नाई लिहिलं, खाली जागा उरली म्हून लिहिलं.

कोकिळा


आंजी
ता. ३ फेब्रुवारी

वच्छला,

भाऊजीचं कार्ड भेटलं. दोन्ही बाजू त्याइच्याच अक्षरानं भरल्या हायेत. तुही एक ओळ नाई. नसू दे. मी बी तुले कुठं लिहून राह्यली.

त्याइनं लिहिलं, एक नक्की नर असन, ताबडतोब वेगळे करा, नाई तं महिन्याभरात घर सशानं भरन. आता नर का मादी हे पाह्यन कोन? कांताच्या बापाले म्हटलं तं ते वावरात पळाले. शेवटी तानाबाईले बोलावलं. तानाबाई सुईन आठवते ना? अर्धी आंजी तिच्या हातानं जगात आली. तिनं दोघींले मांडीवर उताणं पाडलं, उजेडात धरलं, फुंकर मारून केस बाजूले केले अन् म्हणे, "कोकिळाबाई, दोन्ही पोरीच हायेत. मी या कामात नाई चुकत." म्हंजे भाऊजी चुकले! त्याइले सांगजो, मोठ्या जनावराच्या दवाखान्यात राहून लहान जनावर नाई कळत.

पन मंग पोरगी पोरीवर कायले चढते? आता मले खरंच जाणून घ्यायचं हाय. रात्रंदिवस तेच डोक्यात. तानाबाईले विचारलं तं म्हणे, कलियुग हाय. हे काही उत्तर झालं? भाऊजीले म्हनाव, डॉक्टरसायेबाजवळ जाड जाड इंग्रजी पुस्तकं असतीन, त्यात पाहा.

तू म्हणशील, ही बाई एवढं लिहाले कधी शिकली. तुले ठाऊक हाय कधी शिकली ते. आपुन दोघी एकाच मांडवात या घरात आलो. मी चौदाची, तू बाराची. सासूबाई एकाच वाकळीखाली आपल्याले झोपवे. तू चौथी शिकलेली अन् मी आंगठाछाप. कोठ्यात गाईच्या मांगं बसून तू मले पाटीवर गिरवाले लावे. नात्यानं मी थोरली जाऊ अन् छडी तुह्या हातात. तवा हे अक्षर तुहंच हाय. चुका माह्या हायेत.

आता दुसरं. कांता हटून बसली. म्हणे, "काकू आल्याबिगर मी हळद लावून घेत नाई." बापासमोर तोंड वर करून म्हणली. मी म्हटलं, बाई, तुही काकू बदलीच्या गावी हाय, तिले सवड नसन. तं पोट्टी म्हणे, "बदली कारंज्याले झाली, काशीले नाई." लगनाच्या पोरीले मारता येत नाई, म्हून चूप राह्यली.

मी बोलावून नाई राह्यली. कांता काय म्हणली ते सांगून राह्यली.

कोकिळा


आंजी
ता. २० फेब्रुवारी

वच्छला,

भाऊजीचं पाकीट आलं. पाकीट! कार्डावर मावलं नाई म्हंजे त्याइले बी गोडी लागली. सायेबानं पुस्तक काढून दाखवलं म्हणे. मी कांताले तीन डाव वाचून दाखवलं, अन् आमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्याइनं लिहिलं, ससा चार महिन्याचा झाला का वयात येते. आंगात नवं वारं शिरते, अन् मंग बहीन बी बहीन नाई वाटत. चढनं हे फक्त नराचं काम नाई, मादी बी चढते. ते सारं "इथं मोठी कोन" हे ठरवासाठी. म्हंजे थोरली जाऊ-धाकटी जाऊच झाली की वं! अन् हनुवटी घासनं म्हंजे त्याइचा वास लावनं. हे उखळ माहं, ही चौकट माही. माह्या आंगठ्यावर बी गंगीनं आपलं नाव टाकलं म्हना.

आता खरी गोष्ट ऐक. मी रोज सकाळी उठून काय करते? सारवते. सशाच्या कोपऱ्यात तं दोन डाव, कारन वास मले सहन होत नाई. तू मले वळखते, माह्या घरात शेनाचा हात फिरला नाई तं मले अन्न गोड लागत नाई. भाऊजी लिहितात, वहिनी, तुम्ही रोज त्याइच्या साऱ्या खुणा पुसून टाकता, म्हून रोज सकाळी त्याइले पहिल्यापासून भांडाव लागते. आईच्यान! महिना झाला, मी त्याइच्या नावानं बोटं मोडून राह्यली, अन् भांडन रोज मीच ताजं करून देत होती. कांता हसून हसून लोळली.

तर आता सारवन बंद. त्याइनं लिहिलं तशी मधात जाळी लावली. इकडे गंगी, तिकडे भुरी. रोज संध्याकाळी हिचं गवत तिच्याकडे टाकाचं, तिचं हिच्याकडे. म्हंजे रागात का होईना, एकमेकीच्या वासात झोपाव लागते. जाळी लावली त्या दिवशी दोघी दात विचकून धावल्या. तिसऱ्या दिवशी नुसतं पाह्यत बसल्या. मले वाटलं, जमलं.

पन परवापासून गंगीचं नवीनच. तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेते. काडी काडी निवडते. मंग आपल्याच छातीचे केस उपटते, वच्छला. मुठीमुठीनं. छाती उघडी पडली, कातडी दिसाले लागली. ते केस गवतावर अंथरते. मले वाटलं खरूज हाय. मी करंजीचं तेल चोपडलं अन् तो सारा कचरा झाडून उकिरड्यावर टाकला. ती माह्या हाताले कडकडून चावली. आतापावतर कधी चावली नोती. अन् रात्रीतून पुन्हा केस उपटले. आता पोटाचे.

तानाबाई म्हणे, गाभन हाय. पन नर कुठं हाय वं? आजूबाजूले बारा कोसात दुसरा ससा असन तं तो रानातला. भाऊजीले लवकर विचार. ती काही खात नाई.

कोकिळा


आंजी
ता. ६ मार्च

वच्छला,

भाऊजीचं कार्ड भेटून सहा दिवस झाले. सहा दिवस कागद घेते अन् ठेवते.

त्याइनं लिहिलं, ती गाभन नाई. पोटात काही नाई, पन आंगाले वाटते का हाय. मन बी तेच म्हणते. म्हून ती जागा करते, आपल्या आंगाचे केस काढून पिल्लासाठी गादी करते. सतरा-अठरा दिवसानं आपोआप उतरते. औषध नाई. अन् शेवटी एकच ओळ: "वहिनी, तिचं घरटं मोडू नका."

एवढंच. त्याइनं दुसरं काही नाई लिहिलं. लिहिता आलं असतं.

वच्छला, मी तुले ससा म्हणून नाई राह्यली. माह्यावर रागावू नको. रागाव, पन पुढं वाच.

सहा वर्सं झाले, मी साऱ्या गावाले सांगते का चंद्रभानभाऊजीची बदली झाली म्हून घर वेगळं झालं. कांताच्या बापाले बी तेच सांगते, अन् ते ऐकून घेतात. बदली झाली नाई, भाऊजीनं मागून घेतली. काऊन मागून घेतली ते तुले अन् मले ठाऊक हाय.

तुले दिवस जाऊन चार महिने झालते. लगनाच्या चौदा-पंधरा वर्सानं. तू तुहं लगनाचं हिरवं लुगडं फाडलं. माहं लुगडं कवाच पोतेरं झालतं, तुहं तू पेटीत जपून ठेवलतं. ते फाडून तू दुपटं शिवलं. इतके बारीक टाके का मी तुले चिडवलं, "हे दुपटं हाय का नवरीची चोळी?" मंग तानाबाईनं पोट पाह्यलं अन् म्हणे, काहीच नाई. वारा हाय. तू दुपटं फेकलं नाई. उशीखाली घेऊन झोपत राह्यली.

अन् त्यातच कांताले ताप आला. कांता कोनाची हाय, हे मी तुले सांगाले नको. ती जन्मली तवा मी हिवतापानं दोन महिने आंथरुनावर होती, अन् शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून तू तिले जगवलं. त्या रात्री तापात तिनं "माय वं" म्हणून हाक मारली. मी धावत गेली. तं पोट्टी म्हणे, "तू नाई, ते माय." अन् तुह्याकडे हात केला.

मले काय झालं मले नाई ठाऊक. सकाळी उठून मी तुह्या उशीखालचं दुपटं ओढलं अन् साऱ्याइच्या समोर म्हणली, "पोटात वारा अन् म्हणे दुपटं शिव! आपलं होत नाई म्हून दुसऱ्याचं ओढते." अन् उकिरड्यावर जाऊन टाकलं. तू रडली नाई. चुलीवरची भाकर उलटली अन् तव्यावरच सोडून उठली. ती भाकर जळली, त्याचा वास मले अजून येते.

गंगी घरटं लावून बसली. मी आता हात नाई लावत. तिच्याजवळ कापूस नेऊन ठेवला, म्हटलं बाई, हे घे, आपले केस नको काढू. तिनं कापूस घेतला नाई. मी तिथंच भिंतीले टेकून बसून राह्यली, अन् मले रडू आलं. भर दुपारी. कांतानं विचारलं काय झालं, मी म्हटलं धूर गेला.

माहं चुकलं, वच्छला. लय चुकलं. भाऊजीले वाचून दाखव का नको दाखवू, तुह्यावर हाय.

कोकिळा


आंजी
ता. २६ मार्च

वच्छले,

कार्ड आलं. तुहं अक्षर! सहा वर्सानं. मी पोस्टमनसमोरच खाली बसली. तो बिचारा घाबरला, त्याले वाटलं कोनी गेलं.

सारं कार्ड कोरं अन् मधात एवढीच ओळ: "गंगी कशी आहे?"

सांगते ना वं. गंगी बरी हाय. अठराव्या दिवशी सकाळी उठली, घरट्यातून बाहीर आली, आंग झाडलं अन् अख्खं गाजर खाल्लं. घरट्याकडे पुन्हा पाह्यलं नाई. छातीवर बारीक लव फुटून राह्यली. मी दोन दिवस तसंच राहू दिलं अन् मंग कांताच्या हातानं काढलं. माह्या हातानं नाई.

गवताची अदलाबदल चालूच हाय. आता मजा ऐक. संध्याकाळी दोघी जाळीले पाठ लावून बसतात. इकून गंगी, तिकून भुरी, मधात तार. काल जाळीतून भुरीनं गंगीचा कान चाटला. मी पाह्यतच बसली, अन् तिकडे दूध उतू गेलं.

भाऊजीच्या पाकिटात आनखी एक लिहिलं होतं, ते मी तवा तुले सांगतलं नाई. दोघींले पुन्हा भेटवाचं असन तं हिच्याही जागेत नको अन् तिच्याही जागेत नको. जिथं कोनाचाच वास नाई अशा ठिकानी, थोडा वेळ, उजेडात. मी त्याइले मारवतीच्या पारावर नेलं. आधी दूर दूर बसल्या. मंग भुरीनं एक चावा घेतला. लहानसाच. मंग दोघी मिळून दूब गवत खात बसल्या.

तू आंजीले नको येऊ. इथं प्रत्येक भिंतीले माहं बोलनं लागलं हाय. मी कारंज्याले नाई येत, तिथं तुहं घर हाय, मले दारात उभं राह्यची हिंमत नाई. आर्वीले ये. पाडवा झाला का येत्या दशमीले, दुपारच्या मोटरीनं. मोटरस्टँडजवळ कडुनिंबाचं झाड हाय, त्याखाली पाण्याचे रांजन ठेवतात, तिथं मी बसून राहीन. तू आली नाई तं संध्याकाळच्या मोटरीनं परत जाईन, अन् कांताले काय सांगाचं ते सांगीन. कांताचा हट्ट मोडता येईन. माहा नाई मोडत.

एक गोष्ट अजून सांगाची हाय. ते कागदावर नाई सांगत.

कोकिळा


आंजी
ता. १५ एप्रिल

भाऊजीले कोकिळाचा नमस्कार.

आजवर तुमच्या बायकोच्या नावानं लिहून तुमाले विचारलं, आता तुमच्याच नावानं लिहून राह्यली. कारन तुमची बायको इथं हाय, अन् लगन होईपावतर मी धाडत नाई. तवर भाकर थापाले शिका.

आमी दोघी कशा भेटलो म्हणून तुमाले उत्सुकता असन. तुमाले हर गोष्टीची उत्सुकता असते, म्हून तं तुम्ही त्या पुस्तकात शिरले. ऐका मंग.

मी सकाळपासून झाडाखाली होती. दुपारची मोटर आली. साऱ्या बाया उतरल्या, ती नाई उतरली. मी उठली. तं ती मोटरीच्या मांगून आली, डोक्यावर पदर, हातात एक पिशवी. माह्याजवळ नाई आली. रांजनाच्या त्या अंगाले बसली. मी या अंगाले. लय वेळ दोघी रांजनाकडे पाह्यत राह्यलो. मले तुमची ओळ आठवली, उजेडात अन् थोडा वेळ. पाणी प्यायले आलेला एक मानूस म्हणे, "बाई, तुमी दोघी एकाच गावच्या का?" आमी दोघी एकदम म्हटलो, "नाई."

मंग ती उठली, माह्यासमोर आली अन् खणकन एक थापड मारली. भर स्टँडवर! गाल लाल झाला. भाऊजी, तिच्या हातात एवढा जोर हाय हे तुमाले ठाऊक हाय का? सहा वर्सापासून माहा तो गाल तिच्या नावानं ठेवला होता.

मंग ती माह्या बाजूलेच बसली. मी माहं गाठोडं सोडलं अन् आतलं ते तिच्या मांडीवर ठेवलं. दुपटं. त्या दिवशी उकिरड्यावर टाकलं, अन् दिवे लागाच्या वेळी मीच जाऊन उचलून आणलं होतं. नदीवर तीन पाण्यानं धुतलं अन् माह्या पेटीच्या तळाशी ठेवलं. धाडाची हिंमत झाली नाई.

तिनं दुपट्याची घडी उकलली. आतून कडुनिंबाचा पाला पडला. कसर लागू नये म्हून मी दर वर्सी पाडव्याले नवा पाला ठेवे, जुना काढाची आठवन नाई राहे. काही पाल्याचा भुगा झालता, काही पिवळा, काही तपकिरी, अन् सर्वात वरचा आठ दिवसापुर्वीचा, हिरवा. तिनं तो सारा मांडीवर गोळा केला. एक एक थर बोटानं वेगळा केला. मंग दुपटं नाकाले लावलं अन् म्हणे, "बाई, याले आता तुह्या पेटीचाच वास येते." अन् रडली. त्या दिवशी नोती रडली, ते सारं तिथं रडली. मी बी.

आंजीले पोचलो तं अंधारून आलतं. ती दारात थांबली. पाय आत टाकेना. तितक्यात आतून कांतानं मोटरीचा आवाज ऐकला असन, ती ओरडली, "माय वं, आली का?"

आमी दोघींनं एकदम "ओ" म्हटलं.

वच्छलानं घाबरून माह्याकडे पाह्यलं. मी तिच्या हातातली पिशवी घेतली अन् म्हटलं, "जा ना वं, तुलेच बलावून राह्यली."

कोकिळा